वाचकांचे प्रश्न : पेशीला आपली जागा कशी कळते?

प्रश्न : माझी भाची पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करते. ती म्हणते की, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना तळाला चिकटू दिले नाही, तर भरपूर पोषण मिळूनही त्या मरतात. अन्न मिळत असताना केवळ आधार सुटला म्हणून पेशी का मरावी? तिच्या बोलण्यात ‘फोकल अ‍ॅडहिजन काइनेज’ असा शब्द वारंवार येतो, त्याचा याच्याशी काय संबंध? (एक निवृत्त शिक्षिका, सांगली)

उत्तर : आपल्या भाचीचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ‘चिकटणे’ या शब्दामुळे आपल्या डोळ्यांसमोर डिंक येतो आणि तिथेच गैरसमज सुरू होतो. डिंकाने लावलेल्या कागदाला आपण कुठे चिकटलो आहोत याची खबर नसते. पेशीला ती असते, आणि त्या खबरीवरच जगायचे, विभागायचे की मरायचे हे बऱ्याच अंशी ठरते.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींच्या भोवती कोलॅजेन, फायब्रोनेक्टिन अशा तंतुमय प्रथिनांचे जाळे असते. पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली ‘इंटेग्रिन’ नावाची प्रथिने बाहेरच्या बाजूने हे जाळे पकडतात आणि आतल्या बाजूने टॅलिनसारख्या मध्यस्थ प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला जोडलेली असतात. मात्र इंटेग्रिन स्वतः काइनेज नाही. काइनेज म्हणजे एटीपी या पेशीतील ऊर्जावाहक रेणूवरचा एक फॉस्फेट गट उचलून दुसऱ्या प्रथिनावर बसवणारे विकर. बाहेर पकड बसल्याची बातमी आत पोहोचवण्यासाठी इंटेग्रिनला अशा विकरांची मदत घ्यावी लागते, आणि त्यांतले एक प्रमुख म्हणजे फोकल अ‍ॅडहिजन काइनेज, थोडक्यात फॅक.

हे प्रथिन 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून नावारूपाला आले. इंटेग्रिनचे पुंजके जिथे जमतात तिथे फॅकचे रेणू जवळजवळ येतात आणि आपल्या साखळीतील 397 क्रमांकाच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवून घेतात. या एका जागेला फार महत्त्व आहे, कारण फॉस्फेट चढलेला तो टायरोसिन ओळखून ‘सार्क’ नावाचे दुसरे काइनेज तिथे येऊन बसते. मग दोघे मिळून पुढच्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवतात. त्यातून सांगाड्याची फेरबांधणी होते, पेशी पसरते, पुढे सरकते आणि ‘जगत राहा’ असा निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो.

पकड सुटली की हा निरोप थांबतो. अस्तराच्या पेशी अशा वेळी शिस्तीत स्वतःचा शेवट करून घेतात. फ्रिश आणि फ्रान्सिस या संशोधकांनी 1994 मध्ये या मृत्यूला ‘अ‍ॅनोइकिस’ असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा आशय बेघर होण्याचा आहे. दोनच वर्षांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींमध्ये कायम चालू स्थितीतले फॅक घातले गेले, तेव्हा टेकायला जागा नसतानाही त्या पेशी जगल्या, आणि उंदरांमध्ये सोडल्यावर त्यांच्या गाठी झाल्या. त्याच फॅकमधला 397 क्रमांकाचा टायरोसिन बदलून टाकला, तेव्हा मात्र हे संरक्षण मिळेनासे झाले. आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर या प्रयोगात आहे. आधाराविना मरणे ही शरीराने ठेवलेली खबरदारी आहे. आतड्याच्या अस्तरातून निसटलेली पेशी भलत्याच ठिकाणी जाऊन वाढू लागली तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी.

कधी भाचीच्या प्रयोगशाळेत जाण्याचा योग आला, तर पेशी सोडवण्याचे काम जरूर पाहा. गुलाबी द्रव काढून टाकतात, ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराचे थोडेसे द्रावण घालतात आणि बाटली 37 अंशांवर काही मिनिटे ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी चपट्या, टोकदार दिसणाऱ्या पेशी कडा आवरून घेत गोल होतात. बाटलीला हलकेच टिचकी मारली की त्या सैल होऊन वाहू लागतात. लगेच रक्तद्रव असलेले पोषक घालून ट्रिप्सिन थांबवावे लागते. विद्यार्थी असताना मी एकदा दूरध्वनी घेण्यासाठी उठलो आणि ट्रिप्सिनमध्ये पेशी विसरलो. नव्या बाटलीत घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांतल्या फारच थोड्या तळाला धरून होत्या, बाकीच्या गोल होऊन तरंगत होत्या. तीन आठवड्यांची मेहनत वाया गेली, पण अ‍ॅनोइकिस हा शब्द त्यानंतर मला पाठ करावा लागला नाही.

प्रश्न : प्रथिनात फॉस्फेट सेरिन, थ्रिओनिन आणि टायरोसिन या तिन्ही अमिनो आम्लांवर बसतो, असे वाचले. मग चर्चा टायरोसिनचीच इतकी का? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, लातूर)

उत्तर : फॉस्फेट चढलेला टायरोसिन अत्यंत विरळ आहे म्हणून. साधारण पेशीतील अशा फॉस्फेटयुक्त अमिनो आम्लांमध्ये टायरोसिनचा वाटा जेमतेम 0.03 टक्के भरतो, त्यामुळे वर्षानुवर्षे तो कोणाच्या नजरेसच पडला नाही. क्रेब्स आणि फिशर यांनी सिएटलमध्ये 1950 च्या दशकात फॉस्फेटने विकर चालू-बंद होतात हे दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना 1992 चे नोबेल मिळाले. पण तिथे काम होते सेरिनचे.

टायरोसिन सापडला तो मात्र शिळ्या द्रावणामुळे. कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत टोनी हंटर 1979 मध्ये विषाणूंच्या प्रथिनांवरील फॉस्फेट तपासत होते. फॉस्फेटयुक्त अमिनो आम्ले विजेच्या साहाय्याने वेगळी करण्यासाठी 1.9 सामूचे द्रावण वापरण्याची रीत होती, आणि त्या सामूला थ्रिओनिन व टायरोसिन यांचे ठिपके एकाच जागी येतात. हंटर यांनी नवे द्रावण बनवण्याचा कंटाळा केला. वापरून वापरून जुन्याचा सामू 1.7 वर उतरला होता. तेवढ्या फरकाने दोन ठिपके सुटे झाले आणि अनोळखी ठिपका टायरोसिनचा निघाला. आळसाची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. अनपेक्षित ठिपका दिसल्यावर त्याला प्रयोगातली चूक न समजता त्याचा माग काढणे हे खरे काम, आणि ते आळशी माणसाचे नव्हे.

पुढे हंटर आणि सेफ्टन यांनी 1980 मध्ये दाखवले की, सार्क हे काइनेज टायरोसिनवरच फॉस्फेट बसवते आणि सार्कचे जनुक वाहणाऱ्या विषाणूने बिघडलेल्या पेशींत अशा टायरोसिनचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. हा विषाणू म्हणजे पेटन राऊस यांनी 1911 मध्ये कोंबडीच्या गाठीच्या गाळलेल्या अर्कातून ज्याचा पुरावा दिला, तोच. त्याने बिघडलेल्या पेशी तळावरची पकड सैल करतात, गोलसर होतात आणि आधार नसतानाही वाढतात. वरच्या उत्तरातील सार्क आणि हा सार्क एकच आहे, हे ध्यानात घेतले की चिकटणे आणि कर्करोग यांचा धागा आपोआप जुळतो.

प्रश्न : माझ्या भावाला रक्ताच्या कर्करोगासाठी इमॅटिनिब सुरू आहे. तेही काइनेजवरचेच औषध ना? आणि फॅकवर औषध निघाले आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय. दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियात बीसीआर-एबीएल हे टायरोसिन काइनेज सतत चालू राहते. इमॅटिनिब त्याच्या एटीपी बसण्याच्या जागेत शिरून त्याला थांबवते. अमेरिकेत त्याला 2001 मध्ये मान्यता मिळाली. या रोगातील अपक्व पेशींची अस्थिमज्जेतील पकड कमकुवत असते आणि त्या वेळेआधी रक्तात उतरतात, म्हणजे चिकटण्याचा प्रश्न इथेही आहेच. गोळी बंद करण्याचा किंवा मात्रा बदलण्याचा निर्णय मात्र भावाने आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

फॅकविरोधी औषधांना वाट सापडायला वेळ लागला. डेफॅक्टिनिब या औषधाला मे 2025 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही एकट्याने नव्हे, तर अव्ह्युटोमेटिनिब या दुसऱ्या औषधाच्या जोडीने, आणि केआरएएस जनुकात बदल असलेल्या, उलटलेल्या, संथ वाढीच्या एका प्रकारच्या बीजाशयाच्या कर्करोगापुरती. आपल्या भावाच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.