तान्ह्या पोळ्यासाठी घरच्या घरी डोरेमॉनचा टीशर्ट

ताई, तुम्ही विचारलं की सात वर्षांच्या पोराला तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं नटून लाकडी बैल घरोघरी नेतात तो) डोरेमॉन, म्हणजे कार्टूनमधलं पोटावर खिसा असलेलं निळं रोबो-मांजर, बनायचंय, ड्रेस भाड्याने आणू की प्लेन टीशर्टचं काही जमेल. जमेल ना, आणि भाड्याचा तो फरचा ड्रेस तर आणूच नका, पोळ्याच्या दिवसांत नागपुरात पाऊस थांबला की जी चिकचिक होते त्यात आमच्या पोट्ट्याने अर्ध्या तासात ड्रेस उतरवून फेकला होता आणि लाकडी बैल मलाच ओढत न्यावा लागला.

टीशर्ट सीताबर्डीला मेन रोडवर मिळून जाईल, आकाशी आणि रॉयल ब्लूच्या मधला निळा बघा आणि कॉटनचाच घ्या. खेळताना घालायचे चकचकीत पॉलिएस्टर टीशर्ट साध्या फॅब्रिक कलरला नीट धरत नाहीत. साइज एक नंबर मोठी, कारण आणल्याबरोबर एकदा धुवायचाच आहे. ही धुलाई टाळू नका, नव्या कापडावर जे फिनिशिंग असतं त्याच्यावर रंग वरवर बसतो आणि नंतर पोपडे निघतात, शिवाय जे काही आटायचं ते आधीच आटून जातं.

आता पोटाचा पांढरा गोल. मी पहिल्या वेळी टीशर्ट टेबलावर पसरून, नाश्त्याची प्लेट उपडी ठेवून मस्त गोल काढला, रंगवला, आणि पोराने घातला तर अर्धा गोल चड्डीत! म्हणून आधी टीशर्ट पोराच्या अंगात घाला आणि गोल कुठून कुठे हवा ते टेलरच्या खडूने टिंब टिंब करून घ्या. मग आतमध्ये पुठ्ठा, त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी, नाहीतर रंग पाठीच्या बाजूला उतरतो. निळ्यावर पांढरा एका हातात कधीच झाकत नाही, पहिला हात बघून रडू येतं पण घाबरून जाड थापू नका, जाड थर ताणला की तडकतो. पातळ तीन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. मे महिन्यात आपल्याकडे तासाभरात खडखडीत वाळतं, पोळ्याच्या दमट हवेत मात्र पंख्याखाली रात्रभर ठेवा, म्हणजे काम चार-पाच दिवस आधीच काढा. एक दिवस पूर्ण वाळला की टीशर्ट उलटा करून कोरडी इस्त्री, तीन-चार मिनिटं, वाफ नको.

खिसा रंगवू नका, तो खरा लावा. जुन्या पांढऱ्या बनियनचा अर्धगोल कापून वरची बाजू उघडी ठेवून शिवला की झालं, घरोघरी मिळालेले चॉकलेट त्यातच जातात, पोट्टे खूश. खिशाला फेल्ट (क्राफ्टचं जाड, लोकरीसारखं कापड) लावणार असाल तर वरून थेट कडक इस्त्री फिरवू नका, बाजारातलं बहुतेक फेल्ट सिंथेटिक असतं, ते वितळून इस्त्रीलाच चिकटतं.

आणि लाल कॉलर, इथे बहुतेक जण फसतात, मीही फसले. सॅटिनची लाल रिबीन गळ्याभोवती छान घट्ट शिवली, सकाळी घालायला गेलो तर डोकंच जाईना! टीशर्टचा गळा ताणतो, रिबीन ताणत नाही, साधी गोष्ट पण शिवताना कोणाच्या लक्षात येते बाप्पा. शेवटी ब्लेडने रिबीन उसवली, तोवर गल्लीतले बैल पुढे निघून गेले होते. आता मी जुन्या लाल टीशर्टची आडवी पट्टी कापते, आडवी म्हणजे ज्या बाजूने ताणते ती, आणि गळा थोडा ताणून धरत झिगझॅग टाका मारते. मशीन नसेल तर वेगळी पट्टी करून मागे वेल्क्रो लावा. पिवळी घंटी फेल्टची गोल चकती, मधे काळी रेघ आणि एक टिंब, बस. खरी घंटी नको, बैलाच्या गळ्यातले घुंगरू पुरेसे वाजतात.

मिशा काजळाने काढा, तीन-तीन रेघा. नंतर टीशर्ट तीन दिवस धुवू नका, मग उलटा करून थंड पाण्यात हाताने, ब्रश न मारता. घरात अजून एखादं लहान असेल तर त्याला डोरेमॉनचा मित्र नोबिता करून टाका, पिवळा टीशर्ट आणि जुन्या पांढऱ्या शर्टाची कॉलर, ती फक्त मागच्या बाजूने टाचा आणि पुढे मोकळी सोडा, कारण शर्टाचं कापडही ताणत नाही.