कला, विनयन की मानव्यविद्या?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचं मंडळ बारावी झालेल्या मुलांसाठी मराठीत एक माहितीपत्रक काढतंय. त्यात ‘ह्युमॅनिटीज’ला काय लिहायचं? ‘कला’ लिहिलं तर पालकांना चित्रकला वाटते. ‘मानव्यशास्त्र’ लिहिलं तर कुणीतरी विचारलंच, ‘म्हणजे त्या जुन्या कवट्या मोजतात, तेच ना?’ शिवाय जाता जाता ताईंनी एक वाक्य जोडलंय: या विषयांचा उपयोग काय, तेही दोन ओळींत सांगा.

आधी ‘कला’ मार्गी लावू. मी बी.ए.ला नाव घातलं तेव्हा माझ्या मामांनी मोठ्या कौतुकानं विचारलं होतं, ‘मग माझं चित्र कधी काढतोस?’ ते थट्टा करत नव्हते. दोष मामांचा नाही, शब्दाचा आहे. आणि वडोदऱ्यात तो जरा जास्तच आहे, कारण आपल्या गावात ‘कला’ तीन घरी नांदते. १८८१ साली सुरू झालेलं बडोदा कॉलेज, वास्तुविशारद चिझमसाहेबाच्या त्या थोरल्या घुमटाचं, हे पहिलं घर. ती आज आर्ट्स फॅकल्टी. दुसरं घर १९५० सालची फाइन आर्ट्स, जिथे मामांच्या मनातली कला खरोखर शिकवतात. आणि तिसरं कलाभवन! १८९० साली सयाजीराव महाराजांनी त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवलेली ही संस्था कापड रंगवणं, विणकाम, यंत्रकाम असे हाताला काम देणारे विषय शिकवायची. आता तिथे इंजिनिअरिंग आहे, तरी जुनी माणसं अजून कलाभवनच म्हणतात. म्हणजे आपल्याकडे कलाभवनात जाणारा मुलगा कला शाखेचा नसतो आणि कला शाखेतल्या मुलीला ब्रश धरता येत नाही.

गज्जरांच्या काळच्या मंडळींनी शब्द चुकीचा निवडला होता असं मात्र म्हणता येणार नाही. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत काव्यसमस्यापूरण आहे, तशीच यंत्रमातृका म्हणजे यंत्रं बनवणंही आहे, धातुवाद म्हणजे धातूंचं काम आहे, वास्तुविद्या आहे. कला म्हणजे शिकून अंगी आणलेलं कसब. ‘बॅचलर ऑफ आर्ट्स’मधलं ‘आर्ट्स’ही चित्रांचं नव्हेच. मध्ययुगीन युरोपातल्या सात विद्यांमधून ते आलं: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. यातल्या जवळजवळ अर्ध्या आज सायन्सवाले आपल्या म्हणतील. पण शब्दाचा इतिहास बरोबर असला म्हणून तो पत्रकावर चालतो असं नाही. ‘कला’ आता रंग, सूर आणि नाच यांच्याकडे गेली ती गेली. तिला परत ओढून आणू नये.

‘मानव्य’ हा शब्द बनला आहे तो ‘पंडित’पासून ‘पांडित्य’, ‘मधुर’पासून ‘माधुर्य’ बनतं त्याच रीतीनं. मानव्य म्हणजे माणूसपण. (बदामीच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘मानव्यसगोत्र’ भेटतं, पण ते गोत्राचं नाव, त्याचा इथे संबंध नाही. ताम्रपट वाचणाऱ्या एखाद्या वाचकानं विचारण्याआधी सांगून ठेवतो.) हिंदीत ‘भौतिकी’, ‘सांख्यिकी’च्या चालीवर ‘मानविकी’ केलं. शब्द सुटसुटीत आहे, पण मराठी कानाला अजून परका वाटतो.

खरी अडचण ‘मानव्यशास्त्र’मधल्या ‘शास्त्रा’ची आहे. एक तर मानवशास्त्र, मानववंशशास्त्र हे शब्द शेजारीच उभे आहेत. कवट्यांचा घोटाळा तिथूनच होतो. दुसरं म्हणजे, संस्कृतात व्याकरणशास्त्र, अलंकारशास्त्र खुशाल म्हणत, कारण शास्त्र म्हणजे शिकवण. पण आजच्या मराठीत शास्त्रज्ञ म्हटला की प्रयोगशाळा डोळ्यासमोर येते. मला तर वाटतं, भारदस्त दिसावं म्हणूनच हे ‘शास्त्र’ चिकटवलं गेलं. प्रयोग पुन्हा करून ताळा पाहता येतो. पाणिपत पुन्हा लढून बघता येत नाही. १७६१च्या त्या पराभवाची बातमी नानासाहेबांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. शब्दकोश उघडून हे वाचलं तर कुणा पेढीवाल्याचं नुकसान झालं इतकंच कळेल. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या भीतीनं लिहिलं हे जाणणाऱ्यालाच त्यात विश्वासराव आणि भाऊसाहेब दिसतात. हे वाचणं शिकता येतं, शिकवता येतं, त्यात चूक-बरोबर असतं. फक्त ते प्रयोगशाळेतलं नव्हे. म्हणून ‘विद्या’. आपल्याच गावात ओरिएंटल इन्स्टिट्यूटचं नाव ‘प्राच्यविद्या मंदिर’ आहे. तिथे कुणाला ‘प्राच्यशास्त्र’ करावंसं वाटलं नाही.

आता गंमत. आपले गुजराती शेजारी आर्ट्स कॉलेजला ‘विनयन कॉलेज’ म्हणतात. पाटीवर ‘विनयन अने वाणिज्य’ कितीदा वाचलं असेल आपण! लहानपणी मला वाटायचं, तिथे मुलांना नम्र व्हायला शिकवत असावेत. पण ‘विनय’चा जुना अर्थ नम्रता एवढाच नाही. ‘नी’ म्हणजे नेणं. विनय म्हणजे वळण लावणं, शिकवून तयार करणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं पहिलंच अधिकरण ‘विनयाधिकारिक’ आहे, आणि त्यात राजपुत्रानं कोणत्या विद्या शिकायच्या ते आहे, नमस्कार कसा करायचा ते नव्हे.

योगायोग असा की ‘ह्युमॅनिटीज’चं मूळही इथेच पोचतं. रोमन वक्ता सिसेरोच्या लॅटिनमधून ‘ह्युमॅनितास’ आलं, आणि दुसऱ्या शतकातला रोमन लेखक ऑलस गेलियस मुद्दाम बजावून सांगतो की या शब्दाचा अर्थ लोक समजतात तसा भूतदया नाही, तर ग्रीक ज्याला ‘पायदेया’ म्हणत ते, म्हणजे शिक्षणानं लागलेलं वळण. पुढे इटलीत याच नावाखाली व्याकरण, वक्तृत्व, काव्य, इतिहास आणि नीती शिकवत. म्हणजे ‘मानव्य’ हे शब्दाचं भाषांतर झालं, ‘विनयन’ अर्थाचं. मला विचाराल तर गुजरातीनं बाजी मारली आहे. पण मराठी पत्रकात ‘विनयन’ छापलंत तर वडोदऱ्याबाहेरच्या वाचकाला काही उमगणार नाही, आणि वडोदऱ्यातला म्हणेल, हे गुजराती मध्येच कुठून आलं?

उपयोगाच्या दोन ओळींबद्दल. इथे बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घ्यायचा मोह होणार: १९१३ साली सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले आणि अर्थशास्त्राबरोबर इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र शिकले. खरं आहे, तरी लिहू नका. एका असामान्य माणसाच्या पुण्याईवर सगळ्या विषयांचा माल खपवणं बरं नव्हे; आणि बारावीच्या पोराला काही ते पटणार नाही.

त्यापेक्षा प्राच्यविद्या मंदिरात काय झालं ते सांगा. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली. १९६० ते १९७५ या काळात सात कांडं छापून आली. उत्तरेकडची शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तशीच दक्षिणेकडची तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांमधल्या पोथ्या समोर मांडायच्या. एकच श्लोक प्रत्येकीत जरा वेगळा. कुठे लेखनिकाची डुलकी, कुठे कुणा भाविकानं घातलेली भर, कुठे अवघड शब्द काढून सोपा बसवलेला. यातलं जुनं कोणतं ते ठरवायचं, का ठरवलं ते सांगायचं, आणि वगळलेला पाठ फेकून न देता तळटीपेत ठेवायचा, म्हणजे पुढच्याला तुमची चूक काढता येईल. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर येणारी ऐतिहासिक माहिती याच चाळणीतून काढून बघा, किती उरते ती. दोन ओळी हव्यात ना? ‘परस्परविरोधी सांगणाऱ्यांपैकी कुणावर किती विश्वास ठेवायचा, हे इथे शिकवतात. मासिक पगाराचा आकडा यावरून सांगता येत नाही.’ दुसरी ओळ मंडळाला रुचली नाही तर गाळा, पण मग कॉमर्सच्या पानावरचे आकडेही गाळा.

तर पत्रकात ‘मानव्यविद्या’ लिहा, आणि पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान इत्यादी, बोलीत आर्ट्स’. अर्थशास्त्र, समाजशास्त्र याच फॅकल्टीत असले तरी त्यांच्यासाठी ‘सामाजिक शास्त्रे’ वेगळं लिहा. तिथे ‘शास्त्र’ रुळलंय, त्याला हात लावू नका. मुद्रकाला मात्र बजावून ठेवा, ‘मानव्य’ आणि ‘विद्या’ जोडून, मध्ये जागा न सोडता. मागे एका पत्रिकेत ‘मानव्या विद्या’ छापून आलं होतं, आणि लोक विचारत होते, या दोघी बहिणी कुठल्या?