नावाआधी जहाज पाहावे

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. रुग्णालयातील पाळी संपल्यावर तू सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर जाऊन बसतेस, समोरची जहाजे मोजतेस, मोबाइलवर त्यांची नावे पाहतेस आणि तरीही हाती काही लागत नाही, असे तू लिहिले आहेस. त्याचे कारण मला तुझ्या पत्रातच सापडले. जहाजाचे नाव सर्वांत शेवटी पाहायचे असते आणि तू ते सर्वांत आधी पाहतेस. तुझ्याकडे रुग्ण आणला की तू त्याचे नाव विचारण्याआधी त्याचा श्वास आणि चेहऱ्याचा रंग पाहत असशील; जहाजाच्या बाबतीतही तोच क्रम ठेव.

हे तुला अगदीच नवे नाही. पुलगावजवळच्या आपल्या फाटकावर मालगाडी जाईपर्यंत तू सायकल धरून उभी राहायचीस आणि वाघिणी मोजायचीस. कोळशाने शिगोशीग भरलेल्या उघड्या वाघिणी भुसावळकडे जातात, रिकाम्या वर्ध्याकडे परततात, आणि रिकाम्या गाडीचा खडखडाट दुरूनच वेगळा ऐकू येतो, हे तुला कोणी शिकवले नव्हते. समुद्रावरही असेच जाणारे आणि येणारे दोन मार्ग असतात. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत जहाजांनी आपापल्या उजव्या हाताने जायचे असते, त्यामुळे पश्चिमेकडे निघालेली जहाजे तुझ्या बाजूने, म्हणजे उत्तरेकडून जातात आणि पूर्वेकडे निघालेली पलीकडे, इंडोनेशियाच्या बेटांच्या बाजूने जातात. दक्षिणेकडे तोंड करून बसलीस की जवळच्या मार्गावरचे जहाज तुझ्या डावीकडून उजवीकडे सरकेल. उलट दिशेने सरकणारे जहाज पलीकडच्या मार्गावरचे समजावे.

एवढे कळल्यावर टँकरविषयी पुष्कळ काही आपोआप कळते. आखाती देशांतून कच्चे तेल भरून चीन, जपान आणि कोरियाकडे निघालेले महाकाय टँकर पूर्वेकडे, म्हणजे लांबच्या मार्गाने जातात आणि ते पाण्यात इतके बुडालेले असतात की दुरून नुसती एक काळी रेघ आणि तिच्या टोकाशी एक पांढरी इमारत दिसते. साधारण ३३० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि तीन लाख टनांच्या आसपास वजन पेलणारी ही धुडे परतताना रिकामी असतात आणि तुझ्या जवळून जातात. त्या वेळी त्यांची तळाकडची, बहुधा तांबडी रंगवलेली बाजू पाण्याबाहेर भिंतीसारखी उभी दिसते आणि पुढच्या टोकाचा, एरवी पाण्याखाली राहणारा फुगीर कंद वर डोकावतो. भरलेल्या ट्रकचे पाटे दबलेले असतात आणि जिनिंगमध्ये कापूस उतरवून आलेला ट्रक उंच वाटतो, तसेच हे आहे. फरक इतकाच की रिकामे जहाज पूर्ण रिकामे कधीच जात नाही, तोल राखण्यासाठी त्याच्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतलेले असते.

त्यानंतर डेक पाहावा. टँकरचा डेक सपाट असतो, त्यावरून नळ धावतात आणि बरोबर मध्यभागी तेलाचे पाइप उचलण्यापुरती एखादी लहान क्रेन असते. धान्य, कोळसा, खनिज वाहणाऱ्या बल्क कॅरियरवर मात्र ओळीने मोठी झाकणे दिसतात, आणि या जातीच्या जहाजांवर माझा विशेष लोभ आहे, कारण ती मोजता येतात. पाच झाकणे आणि त्यांच्या मधल्या जागांत एकेक अशा चार क्रेन दिसल्या, तर ते साधारण १९० ते २०० मीटरचे, स्वतःचा माल स्वतः उतरवून लहान बंदरांतही जाऊ शकणारे जहाज होय. सात झाकणे आणि क्रेन नाहीत, तर ते बहुधा २२५ मीटरच्या आसपासचे असते. नऊ झाकणे आणि डेक मोकळा असेल, तर ते मोठ्या खनिजवाहू वर्गातले, मोठ्या बंदरांच्या यंत्रांवर अवलंबून असलेले समजावे. कंटेनरची जहाजे आणि मोटारी वाहणारी खोक्यासारखी जहाजे कोणालाही ओळखता येतात, त्यांच्यावर शाई खर्च करीत नाही. लहान टँकरांकडे मात्र दुर्लक्ष करू नकोस; मलेशियातील जोहोरच्या पासिर गुडांग बंदरातून पामतेल घेऊन भारताकडे निघणारे टँकर त्यांच्यातच असतात आणि त्यातले थोडे तेल आपल्या गावच्या भज्यांच्या कढईपर्यंतही पोहोचत असेल.

किनाऱ्याजवळ नांगर टाकून उभी असलेली जहाजे तुला एकाच दिशेला तोंड करून दिसतील. प्रवाह जिकडून येतो तिकडे ती तोंड वळवतात. भरती-ओहोटीबरोबर प्रवाह फिरला की सगळा तांडा हळूहळू फिरतो. एकदा दोन-तीन तास बसून हे अवश्य पाहा.

रात्रीच्या दिव्यांबाबत मी स्वतः केलेली चूक सांगतो. नवखा खलाशी असताना याच सामुद्रधुनीत मी ब्रिजच्या, म्हणजे जहाज जेथून चालवतात त्या खोलीच्या, कडेला लुकआउटला, म्हणजे टेहळणीला, उभा होतो. पुढे एका लहान बोटीचे एकाखाली एक असे दोन पांढरे दिवे आणि एक तांबडा दिवा दिसला, आणि तिच्या बऱ्याच मागे आणखी एक मिणमिणता तांबडा दिवा दिसला. दोन वेगळ्या बोटी आहेत आणि मधून वाट मोकळी आहे, असे मी सेकंड ऑफिसरांना ठामपणे सांगितले. त्यांनी माझ्या हातातली दुर्बीण घेतली, एकदा पाहिले आणि सुकाणू वळवायला सांगितले. एकाखाली एक असे ते दोन पांढरे दिवे म्हणजे टग, ही ओढणारी बोट, काहीतरी ओढत असल्याची खूण होती. मागे बार्ज, म्हणजे ओढून न्यायची सपाट मालबोट, होती आणि दोघांच्या मध्ये अंधारात न दिसणारा दोर होता. ते मला एक शब्दही रागावले नाहीत, हेच मला अधिक लागले. तेथे रेती आणि खडी वाहणाऱ्या अशा जोड्या नेहमी दिसतात, म्हणून दिवे नुसते मोजू नकोस, ते एकमेकांच्या संदर्भात कोठे आहेत ते पाहा. ५० मीटरपेक्षा लांब जहाजावर दोन पांढरे दिवे पुढे-मागे असतात आणि मागचा उंच असतो. त्यांच्यातील अंतर मिटत आले की जहाज तुझ्याकडे वळले असे समजावे. एकाखाली एक तीन हिरवे दिवे दिसले, तर ते जहाज बंदरातून निघून मार्ग ओलांडत आहे.

आता मोबाइलकडे वळू. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांना एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख रेडिओवरून कळवणारे यंत्र, सक्तीचे आहे आणि चालते जहाज आपली जागा व वेग दर २ ते १० सेकंदांनी प्रसारित करते. हे आकडे यंत्रातून येतात, पण पुढचे बंदर आणि जहाज किती बुडाले आहे हा आकडा माणूस हाताने भरतो, आणि दमलेला माणूस तो बदलायला विसरतो. पडद्यावर भरलेले दिसणारे जहाज तुझ्यासमोर तांबडी भिंत दाखवत असेल, तर डोळ्यांवर विश्वास ठेव. मागच्या बाजूला नावाखाली पनामा, मोनरोव्हिया किंवा माजुरो लिहिलेले असेल. ते नोंदणीचे बंदर असते, मालक भलत्याच देशात असू शकतो. नाव आणि झेंडा जहाज विकले की बदलतात, आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी आयएमओ क्रमांक मात्र जहाज भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. तो नीट वाचला की नाही, हे त्यातूनच तपासता येते. ९०७४७२९ हा क्रमांक घे. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ आणि २ ने गुणून बेरीज केली की १३९ येतात आणि त्यातला शेवटचा ९ सातव्या अंकाशी जुळतो. आपल्या वाघिणींवरच्या अकरा आकडी क्रमांकातही शेवटचा अंक अशाच पडताळणीसाठी असतो.

दुर्बीण घ्यायची झाल्यास ७×५० ची, म्हणजे सात पट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची घे. जास्त मोठे दाखवणारी दुर्बीण हातात थरथरते आणि संध्याकाळच्या मंद उजेडात निरुपयोगी ठरते. वहीत आधी शाईने स्वतःचा अंदाज लिही, मग मोबाइल उघड, आणि चुकलेला अंदाज खोडू नकोस.

पुढच्या पत्रात एका जहाजाचे वर्णन नाव न देता पाठव. दिशा, झाकणे, क्रेन, पाण्यावर दिसणारा रंग आणि धुराड्यावरची खूण एवढे लिही. कपाशीची वेचणी संपली की मी फाटकाशेजारच्या ओट्यावर बसून ते ओळखण्याचा प्रयत्न करीन आणि माझे उत्तर कळवीन.

तुझा,
काका