गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात टीएसएच ३.४ : कोणती मर्यादा खरी मानायची?

आपला प्रश्न असा आहे की, सातव्या आठवड्यात टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) ३.४ आला, सांगलीतील लॅबच्या रिपोर्टवर ०.४ ते ४.२ अशी मर्यादा छापलेली असल्याने तो नॉर्मल ठरतो. पण मिरजेला दाखवले तेव्हा ‘२.५ च्या वर नको’ असे सांगण्यात आले. मी सांगलीतच पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हा गोंधळ नेहमी पाहतो. रिपोर्टच्या उजव्या रकान्यातील मर्यादा बहुधा गर्भवती नसलेल्या प्रौढांची असते. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर पुष्कळदा ‘टीएसएच’ एवढेच लिहिलेले असते, शेवटच्या पाळीची तारीख नसते. मग संगणक वय आणि लिंग पाहून नेहमीचीच मर्यादा छापतो.

गर्भारपणात ती लागू पडत नाही, याचे कारण एचसीजी, म्हणजे गर्भारपणात तयार होणारे संप्रेरक. त्याची रचना टीएसएचशी इतकी मिळतीजुळती आहे की ते स्वतःच थायरॉइड ग्रंथीला चालना देते, आणि ग्रंथीचे काम असे परस्पर होऊ लागल्यावर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच कमी सोडते. एचसीजी साधारण नवव्या ते अकराव्या आठवड्यात सर्वाधिक असते व त्याच सुमारास टीएसएच सर्वांत खाली जातो. सातव्या आठवड्याआधी मात्र तो फारसा उतरलेला नसतो. त्यामुळे संपूर्ण पहिल्या तिमाहीला एकच मर्यादा लावणेही मला अपुरे वाटते.

योग्य मर्यादा ठरवायची तर निदान १२० निरोगी गर्भवतींचे नमुने हवेत. थायरॉइडचा आजार किंवा गोळी चालू असलेल्या, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडे) पॉझिटिव्ह असलेल्या, जुळी असलेल्या, आयोडीन कमी मिळणाऱ्या अशा सर्वांना त्यातून वगळावे लागते. उरलेल्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावून तळाचे आणि वरचे २.५ टक्के सोडले की मधल्या ९५ टक्क्यांना आपण नॉर्मल म्हणतो. म्हणजे ठणठणीत असलेल्या शंभरातील सुमारे पाच जणी या हिशेबानेच बाहेर पडतात. मर्यादेबाहेरचा आकडा म्हणजे आजार नव्हे. शिवाय तपासणीचे यंत्र व किट बदलले की त्याच रक्ताचा आकडा थोडा बदलतो.

२.५ हा आकडा २०११ साली अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने पहिल्या तिमाहीसाठी सुचवला होता. पुढे निरनिराळ्या देशांतील निरोगी गर्भवतींमध्ये वरची मर्यादा त्याहून जास्त आढळली. दिल्लीतील गर्भवतींवरील २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर पहिल्या तिमाहीची मर्यादा ०.६ ते ५.० अशी निघाली होती. अखेर २०१७ मध्ये त्याच संस्थेने भूमिका बदलली : शक्य तिथे स्थानिक लोकसंख्येची मर्यादा वापरावी, ती नसल्यास सुमारे ४.० ही वरची मर्यादा धरावी. तरीही आपल्याकडे अनेक डॉक्टर सावधगिरी म्हणून २.५ धरतात, आणि त्यांना चूक म्हणण्याची घाई मी करणार नाही, कारण बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी या आठवड्यांत आईचेच थायरॉक्सिन (थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक) लागते आणि ते कमी पडू लागले की टीएसएच वाढतो.

आपला ३.४ हा २.५ आणि ४.० या दोन आकड्यांच्या मधला आहे, म्हणून अँटी-टीपीओची तपासणी इथे निर्णायक ठरते. ती पॉझिटिव्ह असेल, विशेषतः पूर्वी गर्भपातही झालेला असेल, तर थायरॉइडच्या गोळीचा विचार करणे रास्त आहे. निगेटिव्ह असेल तर २०१७ च्या शिफारशीनुसार या पातळीला औषधाची गरज नाही. पॉझिटिव्ह असल्यास निम्म्या गर्भारपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा लागतो. गोळी सुरू झालीच असेल तर हे उत्तर वाचून ती बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही लॅबमध्ये सांगा, कारण काही पद्धतींत त्याने टीएसएच खोटा कमी दिसतो. पुढचा नमुना शक्यतो त्याच लॅबमध्ये द्या आणि चिठ्ठीवर शेवटच्या पाळीची तारीख लिहून घ्या. पाळी अनियमित असेल तर सोनोग्राफीनुसार आलेला आठवडा लिहा.