मूससाठी केवढ्या वजनाची गोळी?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे राहतो. शिकाऱ्यांसाठीची तेथील परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याने ६.५ बाय ५५ (६.५ मिलिमीटर व्यासाची गोळी, ५५ मिलिमीटर लांबीची पुंगळी) या काडतुसाची रायफल घेतली असून, येत्या शरद ऋतूत त्याला रो डिअर (लहान हरीण) आणि मूस (अतिशय मोठे हरीण) अशा दोन्ही शिकारींचे निमंत्रण आहे. मी ठाण्यात पॉइंट टू टू रायफलने नेमबाजी करतो, म्हणून त्याने मला विचारले की, दोन्हींसाठी एकच हलकी आणि वेगवान गोळी का चालणार नाही?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस मनाई असल्याने येऊरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या आपल्यासाठी हा विषय अभ्यासापुरताच आहे, भाच्यासाठी मात्र तो कायद्याचा आणि त्याहूनही अधिक प्राण्याच्या वेदनेचा आहे. रो डिअर साधारण वीस ते तीस किलोचे असते, तर पूर्ण वाढ झालेला नर मूस चारशे किलोंच्याही पुढे जाऊ शकतो. लहान हरणात गोळीला थोडेच अंतर कापायचे असते. मूसच्या बाबतीत तिला जाड कातडे, खांद्याचे हाड आणि स्नायूंचा थर भेदून हृदय व फुप्फुसांपर्यंत पोहोचावे लागते, आणि वाटेतच ती फुटून विखुरली तर प्राणी जखमी अवस्थेत दूरवर निघून जातो.

स्वीडनच्या नियमांत हा विचार आकड्यांनी मांडलेला आहे. रो डिअरसाठी गोळी किमान ३.२ ग्रॅमची असावी आणि १०० मीटरवर तिची ऊर्जा किमान ८०० ज्यूल असावी. मूससाठी दोन पर्याय आहेत : ९ ग्रॅमपासूनची गोळी असल्यास १०० मीटरवर २७०० ज्यूल, आणि १० ग्रॅम किंवा त्याहून जड असल्यास केवळ २००० ज्यूल. गणित केल्यास ९ ग्रॅमच्या गोळीला त्या अंतरावर सेकंदाला सुमारे ७७५ मीटर वेग राखावा लागतो, तर १० ग्रॅमच्या गोळीला सुमारे ६३२ मीटर पुरतो. म्हणजे वजन वाढले की कायदा वेगात बरीच सूट देतो, कारण एकाच व्यासाची जड गोळी लांब असते आणि वेग थोडा कमी असला तरी खोलवर शिरते.

भाच्याच्या काडतुसाची ख्याती यावरच उभी आहे. त्यात १५६ ग्रेनची, म्हणजे १०.१ ग्रॅमची, गोळी नेहमी वापरली जाते (१ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन). मूससाठी त्याने हीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे वजन फक्त गोळीचे असते, संपूर्ण काडतुसाचे नव्हे; आणि वजनाइतकीच तिची घडणही महत्त्वाची असते. आतले शिसे वरच्या धातूच्या आवरणाला पक्के जोडलेले असेल, तर हाडावर आदळूनही गोळीचे बहुतेक वजन टिकते. आपण वापरता ती ४० ग्रेनची गोळी कागदी लक्ष्यावर उत्तम काम करते, पण कागदाला ना हाड असते ना वेदना, त्यामुळे तो अनुभव येथे पुरेसा ठरत नाही.

रो डिअरसाठी हलकी गोळी घ्यायची असल्यास हरकत नाही, परंतु वजन बदलले की गोळी लागण्याची जागाही सरकते, म्हणून प्रत्येक वेळी रायफल नव्याने लक्ष्यावर जुळवून घ्यावी लागेल. नवशिक्या शिकाऱ्याने पहिल्या हंगामात दोन्हींसाठी जड गोळीच ठेवावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात हरणाच्या शिकारीला जातो. तेथे शिशाची गोळी चालत नाही. तांब्याची गोळी त्याच वजनाची घ्यावी का?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : तेथे १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळी बंधनकारक आहे, शिकारीच्या अवशेषांतून कॅलिफोर्निया काँडॉर गिधाडांच्या पोटात जाणारे शिसे हे त्याचे मोठे कारण. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तितक्याच वजनाची गोळी अधिक लांब होते, आणि नळीतील, गोळीला स्वतःभोवती फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ पुरेसा नसेल तर ती हवेत स्थिर राहत नाही. तांब्याची गोळी सहसा फुटून वजन गमावत नाही, म्हणून थ्री-नॉट-एट (.३०८ इंच व्यासाच्या गोळीच्या) रायफलमध्ये शिशाच्या १६५ ग्रेनऐवजी तांब्याची १५० ग्रेनची गोळी हरणासाठी पुरेशी ठरते.