दवाखान्यात लागणारे जंतू: आधी सांगायचं की नाही?

प्रश्न: आईच्या गुडघ्याचा सांधा पुढच्या महिन्यात बदलायचा आहे. संमतीपत्रात बारीक अक्षरात ‘जंतुसंसर्गाची शक्यता’ असं छापलंय. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, ‘ते सगळ्याच फॉर्मवर असतं.’ आणखी खोदून विचारावं का? (राजारामपुरी)

उत्तर: विचाराच. नुसती सही म्हणजे संमती नव्हे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचार काय, पर्याय काय, मोठे धोके कोणते, हे पुरेसं समजल्यावर दिलेली संमतीच खरी. क्वचित घडणारं सगळं सांगत बसण्याची सक्ती मात्र डॉक्टरांवर नाही. सांध्यातला संसर्ग त्या क्वचितच्या यादीत घालता येत नाही. चांगल्या ठिकाणीही शंभरात एक-दोघांना तो होतो आणि झालाच तर कधी कधी बसवलेला सांधा काढून पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हे आईंना आधी कळायला हवं.

डॉक्टरांची उलटतपासणी मात्र घेऊ नका. आईंना मधुमेह असेल तर साखर कितीपर्यंत चालेल, आणि अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा द्यायच्या आधी मिळणार ना, एवढं विचारा. आदल्या दिवशी घरी पायावर वस्तरा फिरवू नका. त्याच्या बारीक ओरखड्यांतून जंतूंना वाट मिळते. केस काढायचेच असतील तर क्लिपरने (केस कापायच्या यंत्राने), तेही दवाखान्यात. घरी आल्यावर जखम लाल झाली, पाझरू लागली किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. कृत्रिम सांध्याच्या बाबतीत निदान तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे. ‘इथं संसर्ग होऊ शकतो’ म्हटलं की नातेवाईक अंगावर येतात, ‘मग आम्ही बरं व्हायला आलोय कशाला?’ कसं सांगायचं? (शाहूपुरी)

उत्तर: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार आपल्यासारख्या देशांत दाखल झालेल्या शंभरातल्या साधारण १५ जणांना दवाखान्यातच एखादा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत सात जणांना. हा आकडा तुमच्या-माझ्यासाठी. कॉटवरच्या माणसाशी मी त्याच्या अंगाला जोडलेल्या नळ्यांबद्दलच बोलेन.

‘काका, ही लघवीची नळी गरज आहे तोवरच ठेवायची. राहील तितका धोका वाढतो. उद्या राउंडला तुम्हीच विचारा, आज काढता येईल का?’ लघवीत जंतू शिरण्याची शक्यता रोज ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे हा एक प्रश्न फार मोलाचा आहे. एक्स-रेला नेताना लघवीची पिशवी पोटावर ठेवायची जी सवय दिसते, तीही त्यांना सांगून ठेवा. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी, नाहीतर लघवी उलटी आत जाते. सलाईनची जागा ठणकली, सुजली तर लगेच हाक मारायची. ‘सिस्टरना कशाला त्रास’ म्हणून गप्प बसणारे आपल्याकडे फार.

दाखल करतानाच्या धावपळीत यातलं काही कानात शिरत नाही. रुग्ण कॉटवर स्थिरावला की सांगा, रात्री सोबत राहणाऱ्याला समोर बसवा आणि शेवटी ‘आता घरच्यांना काय सांगाल?’ असं त्यांनाच विचारा. सीमाभागातून आलेल्या आजींशी कन्नड येणारी सिस्टर बोलली तर उत्तम.

प्रश्न: डॉक्टर एका कॉटवरून दुसऱ्या कॉटवर हात न धुताच जातात. बोलायचं कसं? (कागल)

उत्तर: १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरांनी इतर डॉक्टरांना हात धुवायला लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरी सहकाऱ्यांना राग आलाच! म्हणून तुमचा संकोच समजतो. ‘सर, सॅनिटायझर इथं ठेवलंय बघा,’ एवढं पुरतं. २०-३० सेकंदांचं काम आहे. हातमोजे घातले तरी हात स्वच्छ करावेच लागतात. पण खरं सांगू? हे बोलण्याचं ओझं आजारी माणसावर टाकणं मला पटत नाही. ‘हात धुतले का, असं आम्हाला विचारा,’ हे डॉक्टरांनीच आधी म्हणावं.

प्रश्न: संसर्ग झाला म्हणजे हलगर्जीपणाच ना? (शिरोळ)

उत्तर: दरवेळी नाही. काळजी घेऊनही काही संसर्ग होतात, आणि काही जंतू रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरचेच असतात. दाखल झाल्यावर ४८ तासांनंतर दिसलेला संसर्ग साधारणपणे दवाखान्यातला मानतात. कल्चरचा (कोणता जंतू आहे ते सांगणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट मागा, काय झालं ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दडवादडवी दिसली तर मात्र सोडू नका.

प्रश्न: वडील आयसीयूत आहेत. भावकी वडापच्या जीपनं भेटायला येतेय, सोबत जोतिबाचा गुलाल. नको कसं म्हणायचं? (गडहिंग्लज)

उत्तर: गुलाल आणू द्या, पण तो आयसीयूच्या दाराबाहेर तुमच्याच कपाळाला लागू दे. आत एका वेळी एकच माणूस, हात धुऊन. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना खालीच चहा पाजा.