पुढच्या महिन्यात हाँगकाँग आणि टोकियोला जातोय. लेन्ससाठी भरवशाचं दुकान कसं शोधावं, भाव कसे ताडून पाहावेत? तिथे घासाघीस चालते का?

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला म्हणून लिहायला बसलो. हो, हाँगकाँगच्या काही दुकानांत घासाघीस चालते. नेमकी तीच दुकानं टाळा.

डिसेंबर 2018 मध्ये मी आणि माझा मोठा भाऊ हाँगकाँगला गेलो होतो. मला निकॉनची 200-500 मिमीची, लांबचे पक्षी टिपणारी लेन्स घ्यायची होती. भिगवणला दोन हिवाळे 70-300 च्या लहान लेन्सवर काढले होते आणि रोहित पक्षी फोटोत बोटभर यायचे. लेन्ससाठी दोन वर्षं पैसे साठवले. मुंबईत बोरा बाजारात भाव विचारून ठेवला होता, नव्वद हजारांच्या आसपास. पण दादाचं म्हणणं, हाँगकाँगला कर नाही, मग इथे कशाला घ्यायची? कर नाही हे खरं आहे, तिथे व्हॅटही नाही आणि जीएसटीही नाही. म्हणून तर तिथल्या दुकानावर 'टॅक्स फ्री'ची पाटी दिसली की मी आता आत पाऊल टाकत नाही. जिथे करच नाही तिथे ती पाटी फक्त प्रवाशांना भुलवण्यासाठी असते.

चिम शा त्सुई या प्रवाशांच्या भागात नेथन रोडवरच्या एका दुकानात शिरलो. काचेमागे लेन्सच लेन्स, पण एकीवरही भावाची चिठ्ठी नाही. विक्रेत्याने 8,600 हाँगकाँग डॉलर सांगितले, दादाने ते 7,800 वर आणले. विक्रेता दादाला म्हणाला, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिलं नाही. कार्ड स्वाइप झालं आणि मग आतून खोका आला. त्याने तो आमच्यासमोर उघडला, लेन्स ठेवली, आणि हूड (लेन्सपुढची ऊन अडवणारी नळी) आणि ट्रायपॉड कॉलर (लेन्स तिकाटण्यावर बसवायची कडी) उचलून काउंटरच्या आतल्या बाजूला ठेवले. म्हणाला, ह्या ॲक्सेसरीज आहेत, ह्यांचे वेगळे 2,600. शिवाय ही चीनमध्ये बनलेली आहे, जपानची हवी असेल तर आणखी पैसे, आणि 95 मिमीचा फिल्टर घेतल्याशिवाय काच खराब होईल.

ती लेन्स चीनमध्येच बनते. हूड आणि कॉलर कंपनीच्या खोक्यातच येतात. मी दोन वर्षं त्या लेन्सबद्दल वाचत होतो, मला हे पाठ होतं, आणि मी ते सांगितलंही. पैसे परत मागितले तर त्याने पावतीवरचा शिक्का दाखवला : परतावा नाही. आवाज चढले. आतून आणखी दोघे येऊन दाराशी उभे राहिले. मी दादाला म्हणालो, "चल, तक्रार करू." तो म्हणाला, "थांब रे, परक्या देशात कुठे तक्रारी करतोस. मी बोलतो." अर्ध्या तासाने 2,600 चे 1,800 झाले. एकूण 9,600.

दुसऱ्या दिवशी मोंगकॉकला एका मोठ्या साखळी दुकानात तीच लेन्स दिसली. चिठ्ठीवर 9,080, हूड-कॉलरसकट, खोका सीलबंद, स्थानिक वॉरंटी. मी चिठ्ठीचा फोटो काढला.

तक्रार करायलाच हवी होती. हाँगकाँगमध्ये जुलै 2013 पासून कमी भावाचं आमिष दाखवून आयत्या वेळी माल किंवा अटी बदलणं हा गुन्हा आहे, आणि तिथलं कस्टम्स खातं त्यावर कारवाई करतं. थोड्या दिवसांसाठी आलेल्या प्रवाशांच्या तक्रारी लगेच घेण्यासाठी त्यांचं वेगळं पथक आहे. मला हे परत आल्यावर कळलं. तुम्ही जाण्याआधी माहीत करून घ्या.

मुंबईला उतरल्यावर मी कस्टम्सच्या लाल मार्गाने, म्हणजे कर लागणारा माल असलेल्यांच्या रांगेतून, गेलो आणि लेन्स दाखवली. दादा त्यावरूनही चिडला. साधारण 86,000 रुपयांचा माल, तेव्हाची करातली सूट 50,000 ची, वरच्या रकमेवर 38.5 टक्के कर. जवळपास 14,000 भरले. म्हणजे लेन्स लाखाला पडली, आणि वर भारतातली वॉरंटी नाही. बोरा बाजारात ती बिलासकट, वॉरंटीसकट दहा हजारांनी स्वस्त होती. तुम्ही 'तिथे स्वस्त मिळतं' असा हिशोब करत असाल तर आधी हे सगळं त्यात धरा. करातल्या या सवलतीची मर्यादा बदलत असते, निघण्यापूर्वी चालू आकडा पाहा. आणि इथून कॅमेरा घेऊन जात असाल तर जातानाच विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना त्यावरून वाद होणार नाही.

दादा आजही लग्नात, बारशाला सांगतो की त्याने हाँगकाँगच्या दुकानदाराकडून दोनदा आठशे असे सोळाशे डॉलर सोडवले आणि मला भाव करता येत नाही. मंडईत भाव करता येतो, कारण मेथीची जुडी आज कितीला चाललीय हे आपण चार ठिकाणी ऐकलेलं असतं. ज्या वस्तूचा खरा भाव माहीत नाही, तिचा भाव पाडला तरी कुठून कुठे आला हे कसं कळणार?

आता तुमच्या कामाचं. हाँगकाँगसाठी प्राइस डॉट कॉम डॉट एचके ही साइट हॉटेलवरच बघून ठेवा. मॉडेलच्या नावापुढे दोन तऱ्हेचे भाव दिसतात. 'हाँग फो' म्हणजे अधिकृत आयातदाराचा माल, 'सोई फो' म्हणजे, शब्दशः, पाण्याचा माल, दुसरीकडून आणलेला. सोई फो स्वस्त असतो आणि तो खोटा नसतो, पण कंपनीची स्थानिक वॉरंटी त्याला नसते. दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा. फोर्ट्रेस किंवा ब्रॉडवे या साखळी दुकानांत चिठ्ठीचा भाव बघा, तो तुमचा मापदंड. त्याहून फारच कमी कोणी सांगितलं तर निघा. सेकंडहँडसाठी मोंगकॉकची सिम सिटी इमारत. कुठेही खोका उघडून, वस्तू मोजून, सीरियल नंबर बिलावर लिहिल्यावरच कार्ड द्या.

टोकियो सोपं आहे. काकाकु डॉट कॉम या साइटवर भाव पाहा, दुकानं म्हणाल तर शिंजुकूत योदोबाशी आणि मॅप कॅमेरा, नाकानोत फुजिया. 10 टक्के कर पासपोर्टवर वाचतो, मात्र 1 नोव्हेंबर 2026 पासून तो आधी भरून निघताना परत घ्यावा लागेल. जुन्या लेन्सच्या चिठ्ठीवर 'काबी' म्हणजे बुरशी, 'कुमोरी' म्हणजे आतला धूसरपणा. आपल्या पावसाळ्यात बुरशीची लेन्स घरी आणू नका. सोनीची जपानी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेण्याआधी मेनूत इंग्रजी आहे का ते चालू करून बघा, बहुतेकदा फक्त जपानी असते.

नेथन रोडवरची सगळीच दुकानं तशी नाहीत, हेही लिहायला हवं. तिथेच दोन दारं सोडून एका म्हाताऱ्या दुकानदाराने मला बॅटरी अगदी वाजवी भावात दिली होती, चिठ्ठी लावलेली.

दादा, तू हे वाचशील. 9,600 ची पावती आणि 9,080 च्या चिठ्ठीचा फोटो, दोन्ही माझ्याकडे आहेत.